मृगाआधी जिल्ह्याचे आरोग्य पोर्टल उभे करू या

वाशिम जिल्ह्यातील बंधू-भगिनींनो आणि माझ्या डॉक्टर मित्र-मैत्रिणींनो,

मृगाचा पाऊस पडला की पेरणीसोबत दरवर्षीची संकटेही येतात. बिळांत पाणी शिरते, साप बाहेर पडतात. पिण्याचे पाणी गढूळते, हगवण लागते. मग सोयाबीन-कपाशीवर फवारणी सुरू होते. या संकटांवरचे उपाय वैद्यकाला ठाऊक आहेत. ते वेळेवर घरात पोचत नाहीत आणि तेवढ्यात माणूस हातचा जातो. म्हणून रुग्ण आणि डॉक्टर या दोघांसाठी जिल्ह्याचे स्वतःचे, मोफत, मराठी आरोग्य पोर्टल या मृगाआधी उभे करू या.

मण्यारचेच पाहा. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. खूण अनेकदा दिसत नाही, फारसे दुखतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. घरचे अपचन समजून ओवा देतात. दंश कळला तरी दोरी आवळण्यात आणि मांत्रिकाकडे नेण्यात मोलाचा वेळ जातो. अशा घाईत कोणी मोबाइल उघडला तर ‘सर्पदंश’ लिहीत नाही. आपण म्हणतो, ‘पान लागलं’. या शब्दाला खरे उत्तर मिळाले पाहिजे: अंगठी-बांगड्या काढा, हात-पाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवा, कापू नका, चोखू नका, 108 ला फोन करा, सरळ दवाखाना गाठा. आणि त्याखाली, जवळच्या कोणत्या दवाखान्यात प्रतिविष आज उपलब्ध आहे, हेही.

फवारणीचेही तसेच. शेजारच्या यवतमाळात 2017 च्या हंगामात विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वांत जहाल विषाचा. त्यानंतर पिवळा, निळा, हिरवा. चक्कर, घाम, उलट्या सुरू झाल्या की कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि डबा दवाखान्यात सोबत न्यावा, कारण उतारा कोणता हे त्यावर छापलेले असते. एवढी माहिती प्रत्येक मजुराच्या हाती हवी.

डॉक्टरांची गरजही तितकीच मोठी आहे. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्री एकट्या असलेल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला उपचारपद्धती चटकन सापडली पाहिजे. रुग्ण अकोल्याला पाठवायचा की यवतमाळला, खाट कुठे रिकामी आहे, हे फोनवर फोन न करता कळले पाहिजे. यासाठी पोर्टलमध्ये डॉक्टरांचा स्वतंत्र विभाग असावा.

आपला जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाने सामान्य माणसासाठी मेडलाइनप्लस हे जाहिरातमुक्त संकेतस्थळ सुरू केले. मराठीत डॉ. शाम अष्टेकर यांनी ‘आरोग्यविद्या’ या संकेतस्थळातून ही वाट घालून दिली. 104 ची हेल्पलाइन आणि ई-संजीवनीचा मोफत सल्लाही आहे. ही सगळी साधने आपल्या सहा तालुक्यांच्या पत्त्यांशी आणि आपल्या बोलीशी जोडायची आहेत. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत वाशिमचेही आहे. मजकूर तपासणारी माणसे आता आपल्याच गावात आहेत.

प्रत्येकाला एक काम

जिल्हा प्रशासन आणि आरोग्य विभागाने पुढाकार घ्यावा आणि औषधसाठ्याची नोंद रोज अद्ययावत ठेवावी.

वैद्यकीय महाविद्यालयाने आणि खासगी डॉक्टरांनी एकेक विषय वाटून घ्यावा. प्रत्येक पानावर तपासणाऱ्याचे नाव आणि तारीख असावी. औषध कंपन्यांचा पैसा आणि जाहिरात नको.

आशाताई आणि परिचारिकांनी लोक दारात विचारतात ते प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून द्यावेत.

शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी तपासलेला मजकूर वऱ्हाडीत आणि बंजारा बोलीत वाचून ध्वनिमुद्रित करावा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना ऐकता तरी येईल. पाने हलकी ठेवा, तांड्यावर रेंज कमी असते.

गावकऱ्यांनी 1 मेच्या ग्रामसभेत या मागणीचा ठराव घेऊन तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. आणि आजपासून, ज्याखाली डॉक्टरचे नाव नाही असा औषधाचा संदेश पुढे ढकलू नये.

पहिली दहा पाने

सर्पदंश, फवारणीची विषबाधा, हगवण, कुत्र्याचा चावा, डेंग्यू, गरोदरपणातली धोक्याची लक्षणे, सिकलसेल, क्षयरोग, मानसिक ताण, आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कसा घ्यावा. एवढ्याने सुरुवात पुरे. रुग्णाची खासगी माहिती मात्र कुठेही झळकू नये. आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर हे असावे: ‘तब्येत बिघडत असेल तर वाचत बसू नका, 108 ला फोन करा.’

महाराष्ट्र दिनापासून मृगापर्यंत जेमतेम पाच आठवडे मिळतात. आपण बियाणे त्याआधी घरात आणून ठेवतो, कारण पाऊस थांबत नाही. ही दहा पानेही तशीच तयार हवीत. यंदा एखाद्या रात्री घाबरलेल्या मुलीने बापाच्या उशाशी बसून ‘पान लागलं’ असे लिहिले, तर तिला उत्तर मिळू द्या.

आपला,
जिल्ह्यातील एक डॉक्टर