कर घेता, मग जबाबदारी कुणाची?



बिटकॉइन हे चलन की जुगार, याचा निकाल दिल्लीच्या सरकारला अजून लावता आलेला नाही. पण त्यातला आपला वाटा त्यांनी चोख ठरवलाय. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर तीस टक्के. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर एक टक्का आधीच कापून घ्यायचा. आणि बुडालास तर? तर तू बुडालास! एका कॉइनमधला तोटा दुसऱ्या कॉइनच्या नफ्यातूनही वजा करायचा नाही. जत्रेतल्या जुगाऱ्याकडून पालाचं भाडं वसूल करायचं, आणि कुणी लुटला गेला की 'आमचा काय संबंध' म्हणायचं, त्यातलाच हा प्रकार.

मी गोदीत ओझी उचलणारा, मॅट्रिक झालेला माणूस. गोदीतून एक पोतं बाहेर काढायचं तर गेटपास लागतो, कस्टमचा शिक्का लागतो, फाटकावर झडती होते. माझ्या डब्यातली भाकरीसुद्धा उघडून बघतात. आणि तिकडे हजारो कोटी आकड्याअक्षरांच्या एका चावीवर देशाबाहेर जातात. तिथं फाटक नाही, पहारेकरी नाही.

'गेनबिटकॉइन' आठवा. दरमहा दहा टक्के, अठरा महिने, असं आमिष. एकट्या २०१७ सालात ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन लोकांकडून गोळा केले, असं ईडीच सांगते. देणं जमेना तेव्हा एमकॅप नावाचं घरचंच नाणं लोकांच्या हातावर टेकवलं. २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधार म्हणून अमित भारद्वाजला पकडलं. जानेवारी २०२२ मध्ये तो मेला. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी तपासाला मदतीला घेतलेल्या दोघांनाच अटक केली. एक माजी आयपीएस, दुसरा सायबर तज्ज्ञ. आरोप काय, तर तपासातले बिटकॉइन परस्पर वळवले. आरोप खरा ठरला तर कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं! डिसेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रकरण सीबीआयकडे दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये साठाहून जास्त ठिकाणी छापे पडले. लोक मात्र अजून पैशाची वाट बघतायत.

पांढरपेशे म्हणतात, 'लोभ केला, भोगा आता.' या शहाण्यांनी एकदा आमच्या कळंबला, भूमला, परंड्याला यावं. आमच्या तालुक्यातल्या एका ऊसतोड पोरानं मुकादमाच्या उचलीतले चाळीस हजार असल्याच एका योजनेत घातले. गेले. ठाण्यात विचारलं, 'कंपनीचा पत्ता दे.' पत्ता असता तर तो ठाण्यात कशाला गेला असता? आणि लोभ कसला? ज्याच्या बापानं जन्मभर सावकाराला महिन्याला शेकडा पाच, शेकडा दहा मोजले, त्याला महिन्याला दहा टक्के मिळतील हे खोटं का वाटावं? त्यानं ते व्याज भरलेलं हाय. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्याकडं येईल म्हणून तो भुलला, एवढंच.

दुसरे म्हणतात, 'सरकार नको, बँक नको, हे स्वातंत्र्याचं नाणं.' अरे, कुणाचं स्वातंत्र्य? बाबासाहेबांनी १९२३ साली 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' लिहिलं. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढं साक्ष दिली. त्यांचा मुद्दा रोकडा होता: नाणं काढणाऱ्याचा हात नियमानं बांधलेला पाहिजे. तो मोकळा सुटला की भाव चढतात आणि मजुरी मागं राहते. बिटकॉइनची संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलीय म्हणतात. असेल. पण एमकॅप छापणाऱ्याचा हात कुणी बांधला होता? १९४१ साली बाबासाहेब आमच्या कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेला आले होते. त्या जिल्ह्यातल्या पोरांनी तरी हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

सरकारनं काय केलं? ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेनं बँकांना या धंद्यापासून तोडलं. ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं. मार्च २०२३ मध्ये एक्स्चेंजना मनी लाँडरिंगचा कायदा लावला. बरं केलं. पण त्यानं काळा पैसा शोधता येतो, बुडालेल्याचा पैसा परत येत नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवर सुमारे २३ कोटी डॉलरचा दरोडा पडला. गिऱ्हाइकांचे कॉइन वर्षाहून जास्त काळ अडकून पडले.

आम्हाला बंदी नको. बंदीनं धंदा भुयारात जातो आणि हप्ता वाढतो. आम्हाला कायदा पाहिजे. परवान्याशिवाय कुणी ठेव घेऊ नये. गिऱ्हाइकाचे कॉइन कंपनीच्या पैशापासून वेगळे ठेवावेत. गावोगाव फिरणाऱ्या एजंटालाही जबाबदार धरावं. जप्त कॉइनची चावी एका माणसाच्या हाती नको, कोर्टाच्या ताब्यात पाहिजे. ठेवीदारांसाठी महाराष्ट्रानं १९९९ साली कायदा केलाय, तो या चोरांवर धाक बसेल असा वापरा. आणि तीस टक्क्यांतला हिस्सा आधी बुडालेल्यांना द्या.

वाटा घेताना तुम्ही सरकार असता. मग आम्ही बुडताना तुम्ही कोण असता?