रस्त्यावरच्या शर्यतींचं दप्तर

ऑक्टोबर १९०४. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गावोगावी एक जाहीर सूचना लागली होती. शनिवारी पहाटेपासून रस्त्यावर येऊ नका, कुत्री साखळीला बांधा, कोंबड्या डालून ठेवा. ८ ऑक्टोबरला त्या रस्त्यांवर मोटारींची शर्यत होणार होती आणि चषकाला नाव होतं ते देणाऱ्याचंच, विल्यम के. व्हँडरबिल्ट (धाकटे) यांचं. रेल्वे आणि आगबोटींवर गडगंज झालेल्या घराण्यातला हा तरुण मोटारींच्या पुरता नादी लागलेला होता.

आज मोटारींची शर्यत म्हटली की बांधीव ट्रॅक, कुंपण आणि तिकिटाच्या खिडक्या डोळ्यांसमोर येतात. तेव्हा यातलं काहीच नव्हतं. भाजीपाल्याच्या गाड्या ज्या रस्त्याने बाजाराला जायच्या, तोच रस्ता. जेरिको टर्नपाइक, हेम्पस्टेड टर्नपाइक आणि बेथपेजकडचा रस्ता जोडून सुमारे अठ्ठेचाळीस किलोमीटरचा त्रिकोण आखला होता आणि त्याच्या दहा फेऱ्या मारायच्या होत्या. धूळ बसावी म्हणून मातीवर नव्वद हजार गॅलन तेल ओतलं. हिक्सव्हिल आणि हेम्पस्टेड या गावांतून मात्र भरधाव जायला मनाई होती. तिथे गाडी थांबवायची, वेळेची नोंद करायची, गाव सावकाश ओलांडायचं आणि पुढे पुन्हा वेग घ्यायचा. पॅनहार्ड गाडी घेऊन उतरलेला जॉर्ज हीथ जिंकला. त्याची सरासरी होती ताशी चौऱ्याऐंशी किलोमीटर. दुसरा आलेला आल्बेर क्लेमाँ त्याच्या जेमतेम दीड मिनिट मागे होता.

ही शर्यत सगळ्यांना हवी होती असं मुळीच नाही. आमच्या करातून बांधलेला रस्ता श्रीमंतांच्या खेळासाठी का अडवता, असं म्हणत तिथले शेतकरी कोर्टात गेले. शर्यत थांबली नाही, पण मला त्या शेतकऱ्यांचं म्हणणं रास्त वाटतं. आणि शर्यतीइतकंच तेही जपलं गेलं पाहिजे. विजेत्याचं नाव चषकावर कोरलेलं असतं, ते कुठे जात नाही. टिफनी कंपनीने घडवलेला तो चांदीचा चषक आज स्मिथसोनियन संग्रहालयाकडे सुखरूप आहे. हरवतात ती बाकीची माणसं. चालकाशेजारी तेव्हा एक मेकॅनिक बसायचा. हाताने पंप मारून इंजिनला तेल पोचवायचं, मागून कोण येतंय ते सांगायचं, टायर गेला की उडी टाकून उतरायचं, ही त्याची कामं. अंगाला पट्टा नाही, डोक्यावर छप्पर नाही. पहिल्याच वर्षी मर्सिडीज उलटून कार्ल मेन्सेल हा असाच एक मेकॅनिक मेला. १९०६ साली अडीच लाखांवर माणूस लोटला, गर्दी आवरेना, आणि कर्ट ग्रूनर हा प्रेक्षक गाडीखाली सापडला. जॉर्ज हीथच्या बरोबरीने ही दोन नावं आज सांगता येतात, याचं श्रेय स्थानिक इतिहास जपणाऱ्यांना आहे.

ग्रूनरच्या मृत्यूनंतर १९०७ ला शर्यतच झाली नाही. मग व्हँडरबिल्ट आणि मंडळींनी फक्त मोटारींसाठी रस्ता बांधायला घेतला. आडव्या येणाऱ्या वाटा पुलांवरून किंवा पुलांखालून काढल्या, म्हणजे बैलगाडी, घोडागाडी आणि मोटार एकमेकांसमोर येण्याचा प्रश्नच नको. हा लाँग आयलंड मोटर पार्कवे. १९०८ साली त्याचा पहिला तुकडा खुला झाला, टोल होता दोन डॉलर, आणि पुढे रस्ता वाढत वाढत सुमारे सत्तर किलोमीटरचा झाला. एक्स्प्रेस-वेवर टोलच्या रांगेत उभं राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी या रस्त्याची कुळकथा जरूर माहीत करून घ्यावी. १९१० च्या शर्यतीत आणखी बळी गेले आणि लाँग आयलंडवरचा चषकाचा अध्याय मिटला. कराची थकबाकी झाल्यावर १९३८ साली पार्कवेही बंद पडला.

पुढे जे घडलं ते आपल्याला नवं नाही. जमिनीचे तुकडे पडले, घरं उठली, पूल पाडले गेले. शर्यतीसाठी बांधलेलं लाकडी प्रेक्षागार तर कधीच गेलं होतं. किल्ल्याचा निदान बुरूज उरतो, देवळाचं जोतं उरतं. रस्त्यावरच्या शर्यतीचं उरतं काय? रस्ता, आणि तोही रुंद होऊन ओळखू न येणारा.

तरीही लाँग आयलंडची ही गोष्ट आज गावनिहाय, वळणनिहाय सांगता येते, आणि ती तशी सांगता येते स्थानिक माणसांमुळे. त्यांतलं एक नाव हॉवर्ड क्रॉपलिक यांचं. या शर्यतींवर आणि पार्कवेवर त्यांची पुस्तकं आहेत, आणि ते नॉर्थ हेम्पस्टेडचे अधिकृत नगर-इतिहासकार होते. हे पद हौशी नाही. न्यूयॉर्क राज्यात १९१९ पासून कायदाच आहे की प्रत्येक शहराने, गावाने आपला इतिहासकार नेमायचा. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत हेवा वाटतो तो या कायद्याचा. गावात दिवाबत्ती बघायला माणूस असतो तसा गावाची आठवण राखायलाही माणूस असतो, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ठरवून टाकलं.

कामाची पद्धत साधी आहे, पण चिकाटीची. जुना फोटो समोर ठेवायचा. गाडी क्षणभर विसरायची आणि मागे काय दिसतं ते बघायचं: चर्चचा मनोरा, कोठाराचं छप्पर, तारेचे खांब, रस्त्याचा चढ. त्या काळचा नकाशा काढायचा, त्यावर ती खूण शोधायची आणि मग प्रत्यक्ष जागेवर जाऊन उभं राहायचं. अशा रीतीने एकेका फोटोचं ठिकाण पक्कं होत जातं. पार्कवेचे उरलेले तुकडे शोधले गेले ते याच नजरेने. क्वीन्समध्ये त्याच्या एका पट्ट्यावर आज लोक सायकली चालवतात, आणि तो पट्टा राष्ट्रीय वारसा यादीत आहे. गार्डन सिटीतली टोलवसुलीची टुमदार बंगली १९८९ साली जागेवरून उचलून दुसरीकडे नेली आणि वाचवली.

आणि एक गाडी. १९०८ चा चषक जॉर्ज रॉबर्टसनने लोकोमोबिल गाडीवर जिंकला, दोन मिनिटांहून कमी फरकाने. अमेरिकी बनावटीच्या गाडीने हा चषक जिंकण्याची ती पहिलीच वेळ. अंगावर १६ आकडा, म्हणून तिला नाव पडलं ‘ओल्ड सिक्स्टीन’. आपल्याकडच्या लहान मोटारीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, हिचं सोळा लिटरहून मोठं आणि सिलिंडर चारच. चाकांना फिरवणाऱ्या साखळ्या उघड्या, दोन माणसांपुरती बैठक, मागे पेट्रोलची टाकी. पीटर हेल्क नावाच्या मुलाने तेराव्या वर्षी, १९०६ च्या शर्यतीत ही गाडी पळताना पाहिली. मोठेपणी तो नावाजलेला चित्रकार झाला आणि १९४१ साली त्याने ती विकत घेतली. तिला त्याने नवा रंग दिला नाही, ओरखडे बुजवले नाहीत. शर्यतीतून आली तशीच राखली, अधूनमधून रस्त्यावर पळवलीसुद्धा. आज ती डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. जुन्या वस्तूला चकाचक करून तिचं वय पुसून टाकायची आपल्याला फार घाई असते. हेल्कने ती केली नाही, म्हणून त्या पत्र्यावर १९०८ अजून वाचता येतं.

हे सगळं मराठीत सांगण्याला कारण आहे. १९०४ च्या डिसेंबरात, म्हणजे त्या पहिल्या चषकानंतर तीन महिन्यांच्या आतच, दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची कसोटी निघाली होती. आणि १९०८ साली, ओल्ड सिक्स्टीन जिंकली त्याच वर्षी, मुंबई–कोल्हापूर कसोटी झाली. रोल्स-रॉइसची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ ही सिल्व्हर घोस्ट फ्रँक नॉरबरी यांनी त्यात उतरवली. सहा घाट, ६२० मैल, आणि गाडी कुठे बिघडली नाही. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी घेतली. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज होते. रोल्स-रॉइसच्या इतिहासात ही कसोटी अभिमानाने सांगितली जाते. त्या घाटांखालच्या गावांच्या इतिहासात मात्र ती कुणी सांगत नाही.

मुंबईहून कोल्हापूरला निघालेल्याला बोरघाट, कात्रज, खंबाटकी हे आजही चुकत नाहीत, पण बोगद्यांमुळे जुनी वळणं बाजूला पडत चालली आहेत. बोरघाटातला ब्रिटिशकालीन अमृतांजन पूल एप्रिल २०२० मध्ये पाडला. वाहतुकीची अडचण खरी होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या पुलाचे फोटो हजारो घरांत आहेत, म्हणून त्याची आठवण टिकेल. १९०८ च्या घाटाचे फोटो मोजक्याच घरांत असणार, आणि ती घरं आता रिकामी होत आहेत. वाडा पाडताना माळ्यावरची ट्रंक सरळ भंगारात जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

खंडाळा, पुणे, वाई, सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, ग्वाल्हेर इथल्या वाचकांना म्हणूनच माझी कळकळीची विनंती आहे. घरातल्या जुन्या अल्बममध्ये घाटात उभी असलेली मोटार, रस्त्याकडेची गर्दी, पेट्रोलचे डबे असं काही दिसलं तर तो फोटो मोलाचा समजा. त्याच्या मागे पेन्सिलीने ठिकाण, साल आणि ओळखता येतील ती नावं लिहा; चालकाचं आणि मालकाचं लिहाल, तसंच क्लीनरचं, हमालाचं, गाडीवानाचंही लिहा. घरात नव्वदीच्या पुढचं कुणी असेल तर आजच विचारा. मूळ फोटो घरी ठेवा, पण त्याची चांगली प्रत काढून जवळच्या जुन्या ग्रंथालयात द्या. करवीर संस्थानाचं दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी १९०८ चे कागद तिथे जरूर चाळावेत. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी आपापला एक इतिहासकार नेमायला तर कायद्याचीही वाट पाहायला नको. साधा ठराव पुरेसा आहे, आणि तो पुढच्या सभेत मांडता येईल.