‘येतो गं’ म्हणून गेलेले गवंडी

एखादा समाज आपल्या जुन्या करमणुकीची आठवण कशी काढतो, यावरून त्याच्या अंतरंगाचा जितका ठाव लागतो तितका त्याच्या पुढाऱ्यांच्या भाषणांवरून क्वचितच लागत असेल. ब्रिटनमधील ‘आयटीव्ही’ या खासगी दूरचित्रवाणीला २०१५ साली साठ वर्षे पूर्ण झाली. त्या निमित्ताने ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाने या वाहिनीवरील सर्वश्रेष्ठ कार्यक्रम कोणता, असा प्रश्न आपल्या वाचकांना विचारला. उमरावांच्या वाड्यांतील झुंबरे आणि रेशमी पोशाख जगभर पोहोचविणाऱ्या मालिका याच वाहिनीच्या खात्यावर जमा होत्या. वाचकांनी कौल दिला तो मात्र जर्मनीत विटा रचावयास गेलेल्या सात कारागिरांच्या कथेला.

‘आउफ वीडरझेन, पेट’ हे त्या मालिकेचे नाव. नावाचा पहिला भाग जर्मन असून ‘पुन्हा भेट होईपर्यंत’ असा त्याचा अर्थ आहे. ‘पेट’ हे ईशान्य इंग्लंडमधील, न्यूकॅसलच्या बाजूचे लाडके संबोधन. ते बायकोला, लेकीला, फार काय दुकानात आलेल्या अनोळखी बाईलाही सहज लावले जाते. मराठी माणूस घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. त्या ‘येतो गं’मध्ये दिलासा आणि हुरहुर यांचे जे मिश्रण असते, तेच या जोडनावात आहे. शिवाय अर्धे नाव परक्या मुलखाचे आणि अर्धे घरचे! मालिकेचा सारा आशय त्या दोन शब्दांत आला आहे, असे म्हटले तरी चालेल.

या मालिकेची मूळ कल्पना फ्रँक रॉडम याची. ‘क्वाड्रोफीनिया’ या १९७९च्या चित्रपटाचा हा दिग्दर्शक टीज नदीच्या काठचा. त्याच्या माहितीतले गवंडी कामासाठी जर्मनी गाठू लागले होते, त्यातून त्याला हा विषय सुचला. (याच रॉडमने पुढे ‘मास्टरशेफ’ ही पाककलेची स्पर्धा जन्माला घातली, हे ऐकून अनेकांस नवल वाटेल.) लेखनाची जबाबदारी डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या जोडीने उचलली. चार भिंतींत कोंडलेली माणसे आणि त्यांच्या जिभेवरची धार हा या जोडीचा हातखंडा विषय. तुरुंगातील कैद्यांवरची त्यांची ‘पॉरिज’ ही विनोदी मालिका आधीच लोकप्रिय झाली होती. पहिल्या तेरा भागांचे प्रक्षेपण ११ नोव्हेंबर १९८३ रोजी सुरू झाले.

ते दिवस ब्रिटनला कठीण होते. १९८२च्या जानेवारीत बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली होती. ईशान्येकडील कॉन्सेट गावचा पोलाद कारखाना १९८० साली बंद पडला. जहाजबांधणीला उतरती कळा लागली होती आणि कोळशाच्या खाणींवर टांगती तलवार होती. १९८१ साली नॉर्मन टेबिट या मंत्र्याने, आपले वडील १९३०नंतरच्या मंदीत दंगे करीत न बसता सायकलवर टांग टाकून काम शोधण्यास निघाले होते, असे ऐकविले. त्याचा हा उपदेश या सात जणांनी अक्षरशः पाळला म्हणावयाचे; फक्त त्यांना सायकल पुरली नाही, समुद्र ओलांडावा लागला. ब्रिटन १९७३ मध्ये युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाले होते आणि रोमच्या १९५७च्या कराराप्रमाणे सभासद देशांतील कामगाराला दुसऱ्या सभासद देशात जाऊन काम करण्याचा हक्क होता. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणविले होते. त्यांना तेथे ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा कामगार, म्हणत. पाहुण्याच्या हाती थापी आणि घमेले देणारा हा यजमान विलक्षणच म्हणावा लागेल. १९७३ मध्ये ही भरती बंद झाली, तरी समुदायातील देशांच्या नागरिकांना दार उघडेच राहिले. महायुद्ध जिंकलेल्या देशाचे कारागीर, ते हरलेल्या देशात मजुरीसाठी या दारातून शिरले.

डेनिस, नेव्हिल आणि ऑझ हे तिघे न्यूकॅसलचे. ड्युसेलडॉर्फच्या बांधकामावर त्यांना एक लाकडी बराक मिळते आणि तीत आणखी चौघांशी गाठ पडते. लंडनचा रंगेल सुतार वेन, ब्रिस्टलचा अवाढव्य बॉम्बर, लिव्हरपूलचा, पोलिसांचे नाव काढताच अस्वस्थ होणारा मॉक्सी, आणि बर्मिंगहॅमच्या बाजूचा बॅरी. हा बॅरी वायरमन. कोणत्याही विषयावर न विचारता माहिती देण्याची त्याला खोड आहे, आणि तो बोलू लागला की बराकीतले सगळे डोळे मिटून घेतात. प्रत्येक कचेरीत आणि प्रत्येक शिक्षकांच्या खोलीत एक बॅरी असतोच. त्यामुळे त्याची ओळख करून द्यावी लागत नाही.

बराक युद्धकैद्यांच्या छावणीसारखी दिसते, हे त्या सातांच्याही ध्यानात येते आणि त्यावर विनोद होतात. दोन्ही बाजूंना खाटा, मध्ये शेकोटी, वाळत घातलेले मोजे, आणि संध्याकाळ झाली की करावयाचे काय हा प्रश्न. या मालिकेची थोरवी त्या संध्याकाळींत आहे. दिवसा माणूस परांचीवर उभा असतो, हातात ओळंबा असतो, आपल्या कामाचा त्याला अभिमान असतो. अंधार पडल्यावर तो कोणीच नसतो. भाषा येत नाही, पैसे उडविण्याची सोय नाही, आणि उडविले तर घरी धाडावयास उरत नाहीत. नव्याने लग्न झालेला नेव्हिल घरच्या आठवणीने झुरतो. एका रात्री तो भलतीच दारू पितो आणि सकाळी पाहतो तर दंडावर ‘लोटे’ असे एका जर्मन स्त्रीचे नाव गोंदलेले! ही लोटे कोण, हे त्यालाही आठवत नाही. प्रसंग खो खो हसविणारा आहे. पण आपल्या बायकोपासून स्वतःचा दंड लपविणारा हा पापभीरू तरुण पाहताना प्रेक्षकाच्या मनात हसण्याइतकीच कणवही दाटून येते. पाचव्या भागाला रॉबर्ट ब्राउनिंगच्या प्रसिद्ध कवितेचे नाव दिले आहे. परदेशातून मायदेशाची आठवण काढणारा तो कवी इटलीच्या उन्हात होता. तीच भावना येथे ओल्या विटा आणि सिमेंटच्या गोण्यांमध्ये उभी केली आहे. इंग्रजी शिकविणाऱ्यांनी हा भाग मुद्दाम पाहावा.

सर्वांत अवघड पात्र ऑझचे. जिमी नेल या, तोवर दूरचित्रवाणीवर कधीच न दिसलेल्या तरुणाने ते रंगविले. ऑझ उर्मट आहे, आळशी आहे, बायकोमुलाला पैसे धाडण्याची त्याला शुद्ध नसते, आणि जर्मन माणूस दिसला की महायुद्ध कोणी जिंकले याची आठवण करून दिल्यावाचून त्याला राहवत नाही. दुबळ्या लेखकाने त्याला खलपुरुष केला असता किंवा शेवटी सुधारून टाकला असता. क्लेमंट आणि ला फ्रेने यांनी दोन्ही मोह टाळले. ज्यांच्या देशात पोट भरावयास आलो त्यांनाच हा माणूस परके म्हणतो. आपणच येथे परके आहोत, हे त्याच्या डोक्यात शिरत नाही. ते प्रेक्षकाच्या डोक्यात शिरते. मळके कपडे, मोठा आवाज, दारू, भाषा न शिकण्याचा हट्ट, आपल्याच माणसांचा घोळका. ब्रिटनमधील माणसे आशियातून आलेल्या कामगारांविषयी जे जे म्हणत आली होती, ते ते सारे ड्युसेलडॉर्फच्या माणसाला ऑझविषयी म्हणता आले असते. हे मालिकेत कोणी बोलून दाखवीत नाही, हे विशेष.

मालिका निर्दोष होती असे नाही. डेनिसच्या आयुष्यात आलेली, बांधकामाच्या कचेरीतील डागमार सोडली तर बहुतेक जर्मन पात्रे पुठ्ठ्याची वाटतात. मागे राहिलेल्या स्त्रियांना एक संपूर्ण भाग मिळाला खरा. पण लेखकांचा जीव रमतो तो बराकीतच. आणि गंमत अशी की ड्युसेलडॉर्फ म्हणून दाखविलेले बांधकाम लंडनजवळ एल्स्ट्री येथील स्टुडिओच्या आवारात उभारले होते, तर बाहेरची दृश्ये हॅम्बुर्गमध्ये टिपली होती. खरे काय होते, तर बोली. तोवर प्रादेशिक बोलणे बहुधा नोकर किंवा विदूषक यांच्या वाट्याला येई. येथे पाच निरनिराळ्या बोली एका खोलीत भांडत होत्या, आणि पुस्तकी इंग्रजी बोलणारा नायक त्यांत नव्हता. (बॅरीचे काम करणारा टिमोथी स्पॉल मूळचा लंडनचा, ती बोली त्याने शिकून घेतली होती.)

१९८६च्या दुसऱ्या मालेत हीच मंडळी डर्बीशायरमधील एका जुन्या वाड्याच्या दुरुस्तीस आणि पुढे स्पेनला गेली. चित्रीकरण सुरू असतानाच, १९८५च्या ऑक्टोबरमध्ये, वेनचे काम करणारा गॅरी होल्टन मरण पावला आणि उरलेली दृश्ये जुळवाजुळव करून उरकावी लागली. या मालेत करमणूक आहे. पहिल्या मालेतील बोच तीत उरलेली नाही. २००२ मध्ये ‘बीबीसी’ने त्यांना पुन्हा एकत्र आणले. मिडल्सबरोचा, टीज नदीवरील १९११चा प्रसिद्ध पूल सुटा करून अमेरिकेतील ॲरिझोनात आदिवासींना विकावयाचा, असे त्यात कथानक होते. ते इतके खरे वाटले की गावकरी चौकशी करू लागले, आणि पूल जागेवरच आहे असा खुलासा मालिकेला अखेरीस करावा लागला. या प्रसंगाची पुढे थट्टा झाली, ती मात्र अन्यायाची. ज्या प्रदेशाने आपले कारखाने एकेक करून मोडलेले पाहिले, त्याने पूलही गेला असेल असे मानले तर त्याला भोळा म्हणता येणार नाही.

अशा मालिकेवर लोकांचे प्रेम जडले यात आश्चर्य नाही. प्रश्न आहे तो त्या प्रेमातून काय गळून पडले याचा. आठवणींत उरले ते ऑझचे शिव्याशाप, बॅरीची व्याख्याने आणि शेवटी वाजणारे जो फॅगिनचे गाणे. हे सातही जण स्थलांतरित मजूर होते, ही गोष्ट मात्र मागे पडली. १ मे २००४ रोजी पूर्व युरोपातील आठ देश युरोपीय संघात आले. ब्रिटनने आपले दार लगेच उघडले आणि पोलंडचे गवंडी, नळकारागीर, सुतार तेथे दाटीवाटीच्या खोल्यांत राहून घरी पैसे धाडू लागले. डेनिस आणि नेव्हिलच होते ते. फक्त उलट दिशेने आलेले. जून २०१६ मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. ईशान्य इंग्लंडमध्ये शेकडा ५८ मते सोडण्याच्या बाजूने पडली आणि मिडल्सबरोत ६५हून अधिक. न्यूकॅसल तेवढे काठावर दुसऱ्या बाजूला राहिले. ३१ डिसेंबर २०२० नंतर ब्रिटिश गवंड्याला नुसती थापी पिशवीत टाकून ड्युसेलडॉर्फ गाठता येईनासे झाले. ज्या दारातून ते सात जण गेले, ते दार त्यांच्याच मुलखाने ओढून घेतले.

यावरून त्या मतदारांना कृतघ्न ठरविण्याची घाई काही शहाण्यांनी केली. ती उथळ आहे. परमुलखातून येऊन मिळेल त्या निवाऱ्यात राहणारा कारागीर स्थानिकाच्या मजुरीला धक्का लावतो, ही तक्रार २०१६ मध्ये सुंदरलँडच्या गवंड्याने केली असेल, तर ती १९८३ मध्ये जर्मन गवंड्यालाही करता आली असती, आणि त्याच्यापाशीही घरदार होतेच. मालिकेतील सातांनाही जर्मनीवर प्रेम म्हणून कोणी जर्मनीला नेले नव्हते. घरी काम असते तर त्यांतील एकही जण हलला नसता. खुल्या दाराचे गोडवे गाणाऱ्यांनी आणि ते बंद करणाऱ्यांनी, दोघांनीही कॉन्सेटच्या कारखान्याकडे पाठ फिरवून वाद घातला. दार उघडे ठेवणे हा बेकारीवरचा उपाय नव्हता, ते सुटकेचे छिद्र होते; पण छिद्र बुजविल्याने भांड्याखालचा जाळ विझतो, असेही नाही.

पहिल्या मालेच्या तेराव्या भागात ती बराक जळून जाते आणि मंडळी पांगतात. त्या भागाला दिलेले नाव ईशान्येतील प्रेक्षकाला चटकन कळावे असे आहे. टाइन नदीच्या काठी लेकरांना ऐकविले जाणारे एक जुने लोकगीत आहे. त्यात बाप मासे घेऊन नावेतून परत येणार, या वाटेकडे डोळे लावले आहेत. ‘बीबीसी’ने १९७६ मध्ये त्याच परिसरावर काढलेल्या मालिकेलाही त्या गीताचेच नाव होते. क्लेमंट आणि ला फ्रेने यांनी ते नाव घेतले आणि दोनच शब्द बदलले. त्यांची नाव परत येत नाही, बाहेर जाते. हा भाग १९८४च्या फेब्रुवारीत दाखविला गेला. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमधील खाणकामगारांचा संप सुरू झाला.