जुन्या डीव्हीडी आणि नवा पडदा
दीक्षा, पंचकल्याणक वा विवाह यांच्या डीव्हीडी अनेक कुटुंबांनी जपलेल्या असतात. नव्या एचडी टीव्हीवर चित्र धूसर दिसले की दोष तबकडीला दिला जातो; पुष्कळदा तो चित्राच्या मांडणीत असतो.

भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीत ५७६ ओळी असतात. रुंद चित्र ४:३ चौकटीत वरखाली काळ्या पट्ट्या ठेवून बसविल्यास चित्राला केवळ ४३२ ओळी उरतात. झूम केल्याने चित्र मोठे होते, तपशील वाढत नाही. ‘ॲनामॉर्फिक’ पद्धतीत मात्र रुंद चित्र आडवे आकसून सर्व ५७६ ओळींत साठविले जाते आणि पडद्यावर मूळ रुंदीत उलगडते. त्यासाठी प्लेअरच्या सेटिंगमध्ये १६:९ हा पर्याय निवडावा.

मुळातच ४:३ असलेले चित्रण पडदाभर ताणू नये. तसे केल्यास ते एकतृतीयांशाने रुंदावते. खड्गासनातील बाहुबलींची मूर्तीही बुटकी भासते. तेथे दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या असणेच उचित. पेनड्राइव्हवर प्रत करवून घेताना स्टुडिओस मूळ प्रमाण राखण्यास सांगावे आणि तबकडीही जपावी. दीक्षेचा तो दिवस पुन्हा चित्रित होणार नाही.