ग्राफ्ट बंद पडला म्हणून गळ्यात नळी का?

डायलिसिसच्या सुया टोचण्याआधी मी रुग्णाच्या दंडावर बोटं ठेवते. कातडीखाली बसवलेल्या कृत्रिम नळीतून, म्हणजे ग्राफ्टमधून, रक्त नीट वाहत असेल तर बोटांना थरथर लागते. ती मंदावली, सुया काढल्यावर रक्त लवकर थांबेना, हात सुजू लागला, की माझा जीव खालीवर होतो. नळी शिरेला जोडलेली असते तिथे बहुधा आतून अरुंद झालेली असते. दुर्लक्ष झालं की गुठळी होऊन ग्राफ्ट बंद.

"सिस्टर, परत ऑपरेशन?" घरचे विचारतात. बहुतेकदा त्याची गरज नसते. सुईच्या छिद्रातून बारीक तार सरकवून गुठळी काढता येते, अरुंद जागा फुग्याने रुंदावता येते. भूल तेवढ्याच जागेपुरती. डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये पायाच्या धमनीत असा फुगा वापरला होता. म्हणजे तंत्र काही नवं नाही. अरुंदपणा पुन्हा येतो, हे खरं. ग्राफ्टमध्ये जंतुसंसर्ग झाला तर मात्र शस्त्रक्रियाच लागते.

तरीही ग्राफ्ट बंद पडला की लहान गावांतल्या रुग्णाच्या गळ्यात डायलिसिससाठी तात्पुरता कॅथेटर, म्हणजे नळी, बसतो आणि आठवडे उलटतात. त्यातून जंतू थेट रक्तात शिरू शकतात. गरिबांसाठी २०१६ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत डायलिसिस आहे, ते मोलाचंच. पण रक्त काढायची वाटच बुजली तर मशीन काय कामाचं? थरथर मंदावताच डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, आणि ग्राफ्ट बंद पडल्यास एक-दोन दिवसांत कॅथलॅबमध्ये तार-फुग्याचा उपचार, हेही सरकारने मोफत द्यावं.