आधी अनुक्रमणिका बघा!

परवा ऑफिसात नवीनच जॉइन झालेल्या एका मुलाने विचारलं, "दादा, इन्व्हेस्टमेंट शिकायचीय. कुठलं पुस्तक घेऊ?"

दहाएक वर्षांपूर्वी मीही हेच विचारलं होतं. उत्तर मिळालं, बेंजामिन ग्रॅहम यांचं 'द इंटेलिजंट इन्व्हेस्टर'. १९४९ सालचं हे पुस्तक थोरच आहे, त्यात वाद नाही. रात्री जागून वाचलं, चार शेअर्स घेतले आणि स्वतःला मोठा गुंतवणूकदार समजायला लागलो.

वर्षभरात बाबांची बायपास करावी लागली. त्यांचा आरोग्य विमा नव्हता आणि माझ्या खात्यात जेमतेम एक पगार होता. बाजार नेमका पडलेला. शेअर्स तोट्यात विकले, उरलेल्या रकमेसाठी आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या. ग्रॅहमसाहेबांचं काही चुकलं नव्हतं, माझा वाचायचा क्रम चुकला होता.

तेव्हापासून पुस्तक घेण्याआधी मी तीन गोष्टी बघतो.

एक, अनुक्रमणिका. अडीअडचणीचा निधी, आरोग्य विमा आणि टर्म इन्शुरन्स हे शेअर्सच्या आधी आलेत का? नसतील तर ते पहिलं पुस्तक नव्हे.

दोन, देश. अमेरिकन पुस्तकांत ४०१-केवर पानंच्या पानं असतात. आपल्याला आधी ईपीएफ, पीपीएफ कळायला हवं.

तीन, साल. शेअर्सवरचा दीर्घ मुदतीचा नफा मार्च २०१८ पर्यंत करमुक्त होता, मग एका मर्यादेपलीकडे १० टक्के कर आला, जुलै २०२४ मध्ये तो साडेबारा झाला. म्युच्युअल फंडांचे डायरेक्ट प्लॅनही २०१३ पासूनचे. जुन्या व्हर्जनचं डॉक्युमेंटेशन वाचून कोड लिहिला तर काय होतं, ते आपल्याला वेगळं सांगायला नको :)

त्या मुलाला मी मोनिका हालन यांचं 'लेट्स टॉक मनी' सुचवलं. पुस्तक २०१८ चं आहे, त्यामुळे कराचे आकडे ताजे बघून घ्यायचे. पण क्रम बरोबर आहे. आधी रोजचा हिशोब, निधी, विमा आणि मग गुंतवणूक.

त्याने पुस्तक चाळलं. "दादा, यात मल्टिबॅगर कसे शोधायचे ते नाहीये."

म्हटलं, "नाहीये, म्हणूनच सांगतोय. ग्रॅहम पुढच्या वर्षी वाच. आणि आज घरी गेलास की आईबाबांचा विमा आहे का, तेवढं विचार."