खुर्ची का बसत नाही?

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा दहावीतला भाचा आमच्याकडे शहाद्याला राहावयास आला होता. सोबत त्याने आपला संगणकही आणला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी फराळाची ताटली तशीच टाकून तो हाका मारू लागला, "मामा, जरा इकडे या ना! ही खुर्ची बसली, पण तिच्यावर माणूस काही बसत नाही."

ती खुर्ची ‘द सिम्स’ ह्या संगणकावरच्या खेळातली होती. तुमच्यापैकी काहींनी तो पाहिला असेल. त्यात शत्रू नाहीत की गोळीबार नाही. घर बांधायचे, सामान मांडायचे आणि आत राहणाऱ्या पात्रांचा संसार चालवायचा. अमेरिकेतील विल राइट ह्यांचे घर १९९१ साली ओकलंड येथील आगीत जळाले. संसार पुन्हा उभारताना, एकेक वस्तू नव्याने घेताना त्यांना ह्या खेळाची कल्पना सुचली आणि २००० साली तो बाजारात आला. भाचा खेळत होता ती चौथी आवृत्ती, २०१४ सालची.

ह्या खेळातील जमीन सारख्या चौकोनांत आखलेली असते आणि वस्तू त्या चौकोनांवर बसतात. एका वस्तूच्या जागेत दुसरी घुसू लागली की ती लाल दिसते आणि ठेवता येत नाही. दोन वस्तू एकाच वेळी एकच जागा व्यापू शकत नाहीत, हे तुम्ही खालच्या वर्गात शिकलाच आहात. येथे तो नियम संगणकाला पाठ करून दिलेला आहे. पण खेळाला आणखी एक गोष्ट कळते. वस्तूला स्वतःच्या आकाराखेरीज वापरासाठीही जागा लागते. खुर्चीपर्यंत पोहोचायला वाट नसेल, तर खेळातले पात्र हातवारे करून तक्रार करते.

हे मी तुम्हांला मोठ्या तोऱ्याने सांगत आहे खरा, पण आमच्या प्रयोगशाळेत लोखंडी कपाटासाठी मीच जागा मोजली होती. ९० सेंटीमीटर रुंदीचे कपाट ९५ सेंटीमीटरच्या जागेत छान बसले. दार उघडायला गेलो, तर ४५ सेंटीमीटरचे पान समोरच्या टेबलाला अडले! दाराचा पाव वर्तुळाचा फेरा मी हिशेबात धरलाच नव्हता.

आता भाच्याने काय केले होते ते पाहा. खुर्ची टेबलापाशी नीट बसेना, म्हणून त्याने खुर्ची फिरवली, कुंडी हलवली, दिवा उचलला, टेबल थोडे सरकवले, शेवटी खुर्चीच बदलली. आणि हे सारे पाच मिनिटांत. तरीही जमेना, तेव्हा त्याने ‘मूव्ह ऑब्जेक्ट्स’ ही आज्ञा दिली. मुले अशा आज्ञेला ‘चीट’ म्हणतात. ती दिली की वस्तू एकमेकींत घुसल्या तरी खेळ हरकत घेत नाही. खुर्ची मनासारखी बसली, चित्र सुरेख दिसू लागले. मात्र पात्र जेवणाची थाळी घेऊन आले, खुर्चीकडे वळले नाही आणि उभ्यानेच जेवले.

ही आज्ञा वाईट आहे असे मी म्हणत नाही. फळीवर शोभेची पुस्तके दाटीने मांडायची असतील तर ती फार सोयीची. पण बिघाड शोधताना तीच पहिली वापरणे मला पटत नाही, कारण तिने फक्त तक्रार बंद होते. कारण होते तेथेच राहते.

हीच आज्ञा आमच्या प्रयोगशाळेतही चालते, फक्त ती टंकित करावी लागत नाही. लंबकाच्या प्रयोगात गुरुत्वत्वरण ९.७ आले की विद्यार्थी हळूच आकडे खोडतात आणि वहीत ९.८ बसवतात. वही सुरेख दिसते. वास्तविक ते ९.७ बोलके होते. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते. ती वरच्या कडेपर्यंतच मोजली, तर १०० सेंटीमीटरच्या लंबकात गोळ्याच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे एका सेंटीमीटरचा फरक पडतो आणि उत्तर सुमारे १ टक्क्याने कमी येते. ९.७ खोडणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. शिक्षक मित्रांनाही विचारावेसे वाटते : ९.८ आले नाही म्हणून गुण कापणारे आपण, मुलांनी दुसरे काय करावे अशी अपेक्षा धरतो?

असो. आम्ही ती आज्ञा बंद केली आणि खोली रिकामी केली. फक्त टेबल आणि खुर्ची ठेवली, दोन्ही चौकोनांत. पात्र येऊन बसले! म्हणजे खुर्ची निर्दोष. मग एका वेळी एकच वस्तू परत आणायची आणि पात्राला पुन्हा जेवायला बोलवायचे. कुंडी आणली, बसले. दिवा आणला, बसले. भाचा कंटाळून गेला. अखेर टेबल त्याने ठेवले होते तसे तिरपे सरकवले आणि पात्र उभे राहिले. टेबल सरकवताना त्याने ‘अल्ट’ कळ दाबून धरली होती; त्या कळीने चौकोनांचे बंधन सुटते. खुर्ची टेबलाला टेकलेली दिसत होती, पण खेळाच्या लेखी ती टेबलाला जोडलेली नव्हती.

वस्तू चार-पाच होत्या म्हणून एकेक तपासणे परवडले. पुष्कळ असतील तर काय? ह्या खेळात इतरांनी रचलेल्या लहान जोडण्या घालता येतात. त्यांना ‘मॉड’ म्हणतात. खेळाची नवी सुधारणा आली की त्यांतली एखादी बिघडते. समजा अशा ६४ आहेत. खेळणारे त्यांतल्या निम्म्या काढून पाहतात. दोष गेला तर तो काढलेल्यांत, राहिला तर उरलेल्यांत. ६४, ३२, १६, ८, ४, २, १ : सहा चाचण्यांत चोर सापडतो. शेतात पंपाची लांब केबल कोठे तुटली हे शोधणारा जाणता वायरमनही टोकापासून सुरुवात करीत नाही, आधी मध्यावर तपासतो.

मात्र ह्या रीतीत एक खोच आहे. जानेवारीत भाच्याचा फोन आला. सुधारणेनंतर पलंग जागेवर ठेवताच येईना. त्याने मॉडचे दोन निम्मे भाग केले, वेगवेगळे तपासले, तर दोन्ही निर्दोष. एकत्र केले की बिघाड हजर. म्हणजे दोष एकात नसून दोन मॉडच्या आपसांतील भांडणात आहे. एक निम्मा भाग तसाच ठेवून दुसरा अर्धा-अर्धा करीत जा, एक सापडला की त्याला धरून पहिल्या भागाचे तसेच कर, असे मी त्याला सांगितले. अजून त्याचा फोन यायचा आहे.